किशोरी धामणकर यांची गैरहजेरी

कॉलेजातून फोन आला तेव्हा जयप्रकाश धामणकर कुकरसमोर उभे राहून शिट्ट्या मोजत होते. आत्ता झाली ती तिसरी की चौथी, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं. फोनवर उस्ताद शरीफ होते. उस्ताद म्हणजे ओमानात सर. मस्कतच्या अल खौद भागातल्या ज्या कॉलेजात धामणकरांची बायको किशोरी इंग्रजीचा दोन वर्षांचा डिप्लोमा करत होती, त्या कॉलेजचे ते रजिस्ट्रार. किशोरी मॅडमचं दुसरं वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले आणि त्या एकाही तासाला आलेल्या नाहीत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

किशोरी येणं शक्य नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं पुण्याला गेले असताना ती वारली होती.

हे धामणकरांनी फोनवरच सांगून टाकायला हवं होतं. पण ओमानात कुठलंही बोलणं कामापासून सुरू होत नाही. आधी सलाम, मग तब्येत, मग घरचे, मग मुलं, आणि मग विचारायचं, "काय बातमी?" याचं उत्तर ठरलेलं आहे. "बातमी काही नाही, सगळं ठीक, अल्हमदुलिल्ला." घराचं छप्पर उडालेलं असलं तरी आधी हेच म्हणायचं. छपराचं नंतर, सावकाश, कॉफी पिऊन झाल्यावर. धामणकर रुवीतल्या एका पंप विकणाऱ्या कंपनीत अकाउंट्स सांभाळत होते आणि त्यांची निम्मी नोकरी या देशात गेली होती. हे सगळं त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. तब्येत? ठीक. घरचे? ठीक. मॅडम? ठीक. बातमी? काही नाही.

एवढं झाल्यावर उस्ताद शरीफ मुद्द्यावर आले. आता ओमानी माणूस असता तर त्याने शांतपणे खरी बातमी सांगितली असती. धामणकर पडले अकाउंटंट. एकदा केलेली नोंद फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आत्ताच ठीक म्हणून सांगितलेली बायको पुढच्याच वाक्यात वारली कशी म्हणायची? ते म्हणाले, "मी येऊन भेटतो." फोन ठेवला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आता कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरीही एक अडचण होती, आणि ती मोठी होती. "किशोरी वारली" हे वाक्य धामणकरांनी अजून एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. पुण्यात सगळे समोरच होते. मस्कतला मेव्हण्याने ऑफिसात फोन करून कळवलं होतं. ऑफिसातून दार्सैतला, म्हणजे ते राहत त्या वस्तीत कळलं, दार्सैतमधून मराठी मंडळींना कळलं. धामणकर विमानातून उतरले तेव्हा ज्याला त्याला ते माहीत होतं. लोक येत, हात धरत, गप्प बसत आणि चहा घेऊन जात. मुलगा सलील पुण्यात इंजिनियरिंगला होता. तो शुक्रवारी फोन करायचा, आणि दोघं हवामानाबद्दल बोलायचे. असं ते वाक्य राहून गेलं होतं. राहिलेलं काम जसं दिवसागणिक अवघड होत जातं, तसं तेही झालं होतं.

किशोरी कॉलेजात गेली ती सलील पुण्याला गेल्यावर. घर रिकामं झालं. दार्सैतमधल्या बाकीच्या बायकांनी केक करायचा क्लास लावला, भजनी मंडळ काढलं. किशोरीने एक दिवस पेपरातली जाहिरात धामणकरांच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, "हे कसं वाटतं?" धामणकर म्हणाले, "कुणासाठी?" तिने भाजी वाढली. पुढच्या महिन्यात कॉलेजची बस तिला न्यायला मंदिराच्या वळणावर येऊ लागली.

वर्गात सगळी नुकती शाळा संपवलेली ओमानी मुलं. मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला आणि मुलींच्या पहिल्या बाकावर साडी नेसलेली किशोरी. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळे शिक्षिका समजून उठून उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या डब्यातली थालीपीठं त्या बाकावर उरेनाशी झाली. शेजारी बसणारी सादिया तिला "मामा किशोरी" म्हणायला लागली आणि तिचं ऐकून सगळा वर्ग म्हणायला लागला. मामा म्हणजे तिकडे आई. धामणकरांना ते शेवटपर्यंत जड गेलं.

तिचं इंग्रजी भरधाव होतं. काळ, वचन, कर्ता यांच्यासाठी ती थांबत नसे. पण मिस गुलबानू, तिच्या शिक्षिका, तिला चांगले मार्क देत. त्यांचं म्हणणं असं, की किशोरीच्या निबंधात माणसं चालताबोलताना दिसतात. ती माणसं म्हणजे मुख्यतः धामणकर. विषय "माझं शहर" असो की "पुस्तकांचे फायदे", चौथ्या ओळीत तिचा नवरा यायचा आणि पाचव्या ओळीत त्याची तक्रार. तो पेपर अशी घडी घालून ठेवतो की दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये. तो एसी बंद करून आपण बाहेर बसतो आणि म्हणतो, गरम होत नाही. धामणकर हे निबंध वाचून "इथे 'द' हवा" एवढंच म्हणत. ती 'द' घालून तक्रार तशीच ठेवी.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढून धामणकर अल खौदला गेले. गाडीत त्यांनी वाक्य हिंदीत तयार केलं. उस्ताद शरीफ लहानपणी काही वर्षं मुंबईत होते, त्यांच्याशी हिंदीत बोलता येत असे. वाक्य छोटं होतं. विमानतळाच्या चौकापर्यंत ते नीट पाठ झालं.

कॉलेजात खजूर आले, कॉफी आली. तब्येत ठीक, घरचे ठीक, बातमी काही नाही. कॉफीचा छोटा पेला संपला की नोकर पुन्हा भरत होता. पुरे अशा खुणेने पेला हलवून परत दिला की मग कामाचं बोलायचं. धामणकरांनी पेला हलवला. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच बसलं. तेव्हा त्यांनी कामाचा सोपा भाग आधी उरकायचं ठरवलं.

"मॅडमचं नाव कमी करायचं होतं," ते म्हणाले.

ही चूक झाली. उस्ताद शरीफ यांचा चेहरा बदलला. हे वाक्य त्यांनी या खुर्चीत बसून अनेकदा ऐकलं होतं. वडिलांकडून, भावांकडून, चुलत्यांकडून आणि नवऱ्यांकडून. मुलगी चांगली शिकत असायची, आणि एक दिवस घरचा कुणी पुरुष खजूर खाऊन, कॉफी पिऊन म्हणायचा, तिचं नाव कमी करा.

"कारण?" त्यांनी विचारलं.

धामणकर गप्प राहिले. गप्प राहणारेही उस्ताद शरीफ यांनी पुष्कळ पाहिले होते.

मग त्यांनी भाषण सुरू केलं. ते तयारच होतं. आपण लहान होतो तेव्हा या देशात शाळा किती होत्या. आपल्या स्वतःच्या मुलींना आपण कुठे कुठे शिकवलं, त्यासाठी नातेवाइकांशी कसं वाकडं घेतलं. बायकोचं शिक्षण तोडणारा माणूस म्हणजे ज्या फांदीवर बसला तीच तोडणारा. धामणकर मध्ये दोनदा म्हणाले, "तसं नाही." उस्ताद शरीफ म्हणाले, सगळे हेच म्हणतात. आणि शेवटी ते जरा दुःखाने म्हणाले, "तुम्ही शिकलेले, हिशेबाचे माणूस. तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती."

आता खरं सांगावं तर ती सबब वाटली असती. भाषणातून सुटायला सबब म्हणून किशोरीचं मरण पुढे करायचं, हे धामणकरांच्या जिवावर आलं. ते उठले. उस्ताद शरीफ यांनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला. मिस गुलबानूंनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेला निबंधाचा विषय. मॅडमना म्हणावं, शनिवारपर्यंत लिहून पाठवा. आला तर मी समजेन की घरी अभ्यास चालू आहे.

"आणि नाही आला तर?"

"तर मी स्वतः घरी येईन," उस्ताद शरीफ म्हणाले. अतिशय सभ्यपणे, दारापर्यंत सोडायला येत.

दार्सैतला धामणकरांच्या इमारतीखाली जैनुद्दीनचं किराणा दुकान होतं. जैनुद्दीन रत्नागिरीकडचा. किशोरी गेल्याचं कळल्यापासून तो धामणकरांना मागितल्याशिवाय काहीबाही वर पाठवायचा, कधी दही, कधी कोथिंबीर. त्याला सगळी हकिगत ऐकून आश्चर्य वाटलं.

"भाऊ, सांगून टाकायचा होता ना. दोन शब्दांचा तर काम."

"कुठले दोन शब्द, जैनुद्दीन?"

"एक वहिनी," जैनुद्दीन म्हणाला, "नि दुसरा..."

दुसरा शब्द त्यालाही काढता येईना. तो कांद्याच्या पोत्याकडे वळला आणि चांगले कांदे वाईट कांद्यांतून बाजूला करायला लागला. पाठमोराच म्हणाला, "त्यापेक्षा निबंध लिवून टाका. इंग्रजी तुमचा चांगला हाय."

धामणकरांनाही ते जास्त सोपं वाटलं. माणूस अवघड गोष्ट टाळायला किती कष्ट घेतो, याला काही मर्यादा नाही. गुरुवारी तिकडची साप्ताहिक सुट्टी होती. किशोरी जिथे बसून अभ्यास करायची त्या जेवणाच्या टेबलावर ते बसले आणि विषय वाचला: "ज्या माणसाबरोबर मी राहते."

त्यांनी तो किशोरीच्या बाजूने लिहायला घेतला. माझे पती शिस्तप्रिय आहेत. ते वेळेवर कामावर जातात व वेळेवर परत येतात. त्यांना कोणतेही व्यसन नाही. घरखर्चाबाबत आमच्यात मतभेद नाहीत. इतर बाबतीतही मतभेद आढळले नाहीत. एवढं झाल्यावर त्यांना वाटलं, किशोरीचा निबंध आहे तर एखाददुसरी तक्रारही हवी. ते खूप वेळ आठवत बसले. एकही तक्रार आठवेना. तक्रारींचं खातं किशोरीकडे होतं. त्यात काय काय लिहिलेलं होतं ते त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं, फक्त 'द' बघितला होता.

शेवटी त्यांनी निबंध तक्रारीशिवायच पुरा केला, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केला आणि कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला. खाली किशोरीचं नाव त्यांना दोनदा टाइप करावं लागलं. बाकी काही अडचण आली नाही.

निबंध तपासून परत आला. खाली मिस गुलबानूंनी लाल शाईत लिहिलं होतं, व्याकरण फारच सुधारलं आहे, बाकी सगळं गेलं आहे. त्याखाली एक प्रश्न होता. किशोरी, घरी सर्व ठीक आहे ना?

प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. धामणकरांनी विचार करून त्याच कागदावर टाइप करून घेतलं: सर्व ठीक. बातमी काही नाही. आणि कागद परत पाठवला.

त्यानंतर स्टाफरूममध्ये काय झालं ते त्यांना पुढे सादियाकडून कळलं. मिस गुलबानूंनी तो निबंध टेबलावर ठेवला आणि उस्ताद शरीफना बोलावून घेतलं. त्या तरुण होत्या, मत्राहच्या एका जुन्या व्यापारी घराण्यातल्या, आणि सहसा आवाज चढवत नसत.

"पूर्ण दोन पानं," त्या म्हणाल्या, "आणि नवऱ्याबद्दल एकही तक्रार नाही. ही किशोरी नाही. कुणीतरी डोक्याशी उभं राहिल्याशिवाय बाई असं लिहीत नाही."

उस्ताद शरीफ यांनी सादियाला घरी फोन करून बघायला सांगितलं. सादियाने तीन वेळा केला. तिन्ही वेळा धामणकरांनी उचलला.

"मामा किशोरी आहे?"

"आत्ता इथे नाही."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही," धामणकर म्हणाले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. धामणकर खोटं बोलत नसत, याचा त्यांना अभिमान होता. कॉलेजात मात्र त्यांच्या या उत्तरांवरून असं ठरलं, की बाईंना एकतर घरात कोंडून ठेवलं आहे किंवा भांडून माहेरी घालवून दिलं आहे. उस्ताद शरीफ दोन्हींपैकी दुसऱ्या मताचे होते, कारण पहिलं म्हणजे पोलिसांचं काम आणि दुसरं म्हणजे वडीलधाऱ्यांचं. वडीलधारं माणूस त्यांच्या नात्यातच होतं.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपल्यावर धामणकरांच्या दारावरची बेल वाजली. धामणकर पायजम्यावर होते, हातात पोळी लाटायचं लाटणं होतं. दारात उस्ताद शरीफ उभे होते, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात. मागे मिस गुलबानू आणि सादिया. आणि सगळ्यांच्या पुढे, काठी टेकत, एक अतिशय म्हातारे गृहस्थ. उस्ताद शरीफ यांचे चुलते हाजी अहमद. ते निझ्वाच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावाहून मुद्दाम आले होते. नवरा-बायकोची भांडणं मिटवण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. त्यांनी जुळवून दिलेल्या संसारांची आता नातवंडं नांदत होती. त्यांना अरबीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आजवर लागलीही नव्हती.

समेट करायला येणाऱ्यांनी रिकाम्या हाताने यायचं नसतं, म्हणून हलव्याचा डबा होता. या घरात कॉफी मिळेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून थर्मासमधून कॉफीही आणली होती. धामणकरांनी लाटणं सोफ्यामागे ठेवलं आणि सगळ्यांना बसवलं. तब्येत ठीक. सलील ठीक. बातमी काही नाही. घरातल्या बाईंबद्दल या वेळी कुणी विचारलं नाही. तेवढं सोडून सगळं विचारून झालं.

भिंतीवर किशोरीचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार घातलेला होता आणि खाली निरांजन होतं. उस्ताद शरीफ यांची नजर त्यावर गेली आणि ते बघतच राहिले. मुंबईत आणि रुवीत हिंदू दुकानदारांकडे त्यांनी देवांच्या, साधूंच्या तसबिरींना हार घातलेले नेहमी पाहिले होते. बायकोच्या तसबिरीला हार घालणारा नवरा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्यांचं मत तिथल्या तिथे बदललं. ते चुलत्यांच्या कानाला लागले आणि अरबीत म्हणाले, काका, माणूस वाईट नाही, बघा तिला देवाच्या जागी ठेवलंय. हाजी अहमदनी फोटोकडे पाहिलं, मग धामणकरांकडे पाहिलं, आणि मान डोलावली. पश्चात्ताप झालेला नवरा म्हणजे निम्मं काम झालं.

धामणकरांना एवढी अरबी समजत होती. ते फोटोकडे बघायचं टाळून हलव्याकडे बघत राहिले.

मग कॉफी झाली. मिस गुलबानू उठल्या, सादियाही उठली. पुरुषांचं बोलणं बाहेर आणि बायकांचं आत, ही पद्धतच होती. मिस गुलबानू इंग्रजीत म्हणाल्या, आम्ही आत जाऊन तिला भेटतो. परवानगी विचारल्यासारखं म्हणाल्या, पण त्या आतल्या दाराशी पोचल्याही होत्या. त्यांनी कडीला हात लावला. आत बिछान्याच्या एका बाजूचं पांघरूण नीट घडी घातलेलं होतं, आणि कपाटात साड्या होत्या.

"आत कुणी नाही," धामणकर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"किशोरी वारली."

बोलून झालं. धामणकरांना वाटलं होतं तसं काहीही झालं नाही. एसी चालू राहिला. पाहुणे आदराने त्यांच्याकडे बघत राहिले, कारण ते मराठीत बोलले होते आणि त्यातलं एक अक्षर कुणाला समजलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या भाषेत ते वाक्य पहिल्यांदा निघालंच नसतं.

तेव्हा ते त्यांनी पुन्हा, उस्ताद शरीफ यांच्याकडे बघून, हिंदीत सांगितलं. "किशोरी गुजर गयी. पुण्यात. सुट्टीमें." उस्ताद शरीफ यांच्या हातातला पेला होता तिथेच राहिला. पण मिस गुलबानूंना हिंदी नीट येत नव्हती, त्या अजून कडीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा तिसऱ्यांदा धामणकरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साधं, लहान वाक्य होतं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. जे वाक्य इतके दिवस एकदाही म्हणावं लागलं नव्हतं, ते एका दमात तीन भाषांत म्हणून झालं. आणि मग धामणकर जे रडायला लागले, ते त्यांना थांबवता येईना.

सादिया अबायाच्या टोकाने तोंड झाकून जमिनीवरच बसली. मिस गुलबानू भिंतीला टेकल्या. "तो निबंध," त्या म्हणाल्या. उस्ताद शरीफ यांना मुंबईची हिंदी येत होती, इंग्रजी येत होतं, अरबीत तर भाषणं देत होते. त्या वेळी त्यांना यातली एकही भाषा सापडेना. नाव कमी करायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही निघाला नाही. यादीतून ते कधी गेलं, ते धामणकरांनी विचारलं नाही.

चौथ्या भाषेत मात्र ते वाक्य कुणी सांगितलंच नाही. धामणकरांना अरबी समजे बरीच, पण बोलता येई ती कामापुरती. त्यात बिल, माल, उद्या, परवा होतं, हे नव्हतं.

हाजी अहमद शांत बसून सगळं बघत होते. नवरा काहीतरी बोलला. मग पुन्हा बोलला. मग रडला. बायका रडायला लागल्या. हे असंच होतं, दर वेळी असंच होतं. आता आपलं काम. ते काठी टेकत उठले, धामणकरांशेजारी येऊन बसले आणि त्यांनी धामणकरांचा हात आपल्या हातात घेतला. परदेशी माणसाला समजावं म्हणून ते एकेक शब्द सुटा सुटा करून बोलत होते.

"तिच्यावर तुझा राग आहे?"

"नाही," धामणकर म्हणाले.

"तिचा तुझ्यावर?"

धामणकरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "होता. थोडा थोडा. रोजचा."

"रोजचा असतो, त्याला राग म्हणत नाहीत. ती आली तर घरात घेशील?"

"आत्ता घेईन."

"शिकू देशील?"

"तिला पाहिजे तितकं."

हाजी अहमद पुतण्याकडे वळले. एवढ्या सरळ माणसासाठी मला इतक्या लांबून कशाला आणलंस, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मग म्हणाले, समेट झाला, आता दिवस ठरवा. दिवस ठरल्याशिवाय समेट पक्का होत नाही. "कधी येते ती?"

उस्ताद शरीफ यांनी तोंड पुसलं. त्यांनी धामणकरांकडे पाहिलं. धामणकरही त्यांच्याकडे बघत होते. मग उस्ताद शरीफ यांना अरबी सापडली.

"काका, ती येणार नाही," ते म्हणाले. "हेच जातील तिच्याकडे."

"ते सगळ्यांत चांगलं. आणायला नवऱ्यानेच जावं. कधी?"

"इन्शाल्ला. त्याची घाई नाही."

"घाई करायला कोण सांगतंय?" हाजी अहमद म्हणाले. त्यांनी धामणकरांच्या हातावर थोपटलं. "सावकाश जा. इथली कामं आटप, मुलाचं बघ, मग जा. पण एक लक्षात ठेव. गेल्या गेल्या तू सुरुवात करू नकोस. आधी तिला बोलू दे. इतक्या दिवसांचं साठलेलं असेल. ती बोलेल ते सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस, तिच्या बोलण्यातल्या चुका काढू नकोस."

"नाही काढणार," धामणकर म्हणाले.